घरगुती सौरविद्युत आणि जलपंप नियंत्रण

घरगुती सौरविद्युत आणि जलपंप नियंत्रण म्हणजे घराच्या छतावर बसविलेल्या सौर पॅनेलांपासून वीज निर्माण करून ती घरातील वापरासाठी आणि पाणी उपसण्यासाठी वापरणे, तसेच पंप केव्हा चालू व्हावा व केव्हा बंद व्हावा हे पाण्याची पातळी आणि उपलब्ध वीज यांनुसार ठरविणारी यंत्रणा उभारणे होय. महाराष्ट्रात विहीर, कूपनलिका किंवा जमिनीखालील साठवण टाकी यांतून गच्चीवरील टाकीत पाणी चढविणे हे बहुतेक घरांतील नित्याचे काम आहे. हे काम विजेवर अवलंबून असल्याने वीज गेली की थोड्याच वेळात पाणीही जाते. सौर संच बसविल्याने ही अडचण आपोआप दूर होते असा समज आढळतो. प्रत्यक्षात ती दूर होणे संचाच्या प्रकारावर व पंपाच्या जोडणीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

प्रकाशामुळे विद्युतदाब निर्माण होण्याचा परिणाम फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये नोंदविला. व्यवहारोपयोगी सिलिकॉन सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. भारतात २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानानंतर सौर वीजनिर्मितीला वेग आला. महाराष्ट्रात अपारंपरिक ऊर्जेच्या प्रसाराचे काम महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण अर्थात महाऊर्जा ही १९८५ मध्ये स्थापन झालेली संस्था करते.

पंपनिर्मितीची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी पुढे पंपांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध झाली. विजेचे जाळे खेड्यापाड्यांत पोहोचल्यावर मोट व रहाट यांची जागा विद्युत पंपाने घेतली आणि पाणीपुरवठा विजेशी कायमचा जोडला गेला.

कोन व पनवेल परिसर

कोन हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचे गाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील एक आंतरबदल याच परिसरात आहे. एकेकाळी भातशेतीचा असलेला हा भाग झपाट्याने नागरी होत असून कौलारू घरे, बैठे बंगले आणि बहुमजली इमारती येथे शेजारी शेजारी दिसतात. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये सोडत काढलेल्या घरांचा प्रकल्पही कोन येथे आहे. या परिसरात घरगुती वीजपुरवठा महावितरणमार्फत होतो.

हा भाग सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे पावसाळा जून ते सप्टेंबर असा असतो आणि पाऊस मुबलक पडतो; तरीही कोकणातील अनेक गावांप्रमाणे एप्रिल-मे महिन्यांत विहिरींची पातळी खाली जाते. ऊन आणि पाणी यांचे वेळापत्रक येथे उलट असते. उन्हाळ्यात वीजनिर्मिती भरपूर व पाणी कमी, तर पावसाळ्यात पाणी भरपूर व वीजनिर्मिती कमी असते. यंत्रणेची आखणी करताना हा विरोध लक्षात घ्यावा लागतो.

सौर संचांचे प्रकार

घरगुती सौर संचांचे तीन मुख्य प्रकार आहेत.

ग्रिडशी जोडलेला संच: यात पॅनेलांची एकदिश वीज इन्व्हर्टर प्रत्यावर्ती विजेत रूपांतरित करतो. घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते. दोन्ही दिशांची वीज नेट मीटर मोजतो आणि देयक निव्वळ वापरावर आकारले जाते. बॅटरी नसल्याने हा प्रकार सर्वांत स्वस्त व देखभालीस सोपा असतो.

स्वतंत्र संच: यात ग्रिडशी संबंध नसतो. पॅनेलांची वीज चार्ज कंट्रोलरमार्फत बॅटरीत साठते आणि इन्व्हर्टरद्वारे वापरली जाते. वाडी-वस्तीवरील घरे व शेतघरे यांना हा प्रकार उपयोगी पडतो.

संकरित संच: याला ग्रिड आणि बॅटरी दोन्ही जोडलेल्या असतात. ग्रिड असताना तो नेट मीटरसह चालतो आणि ग्रिड गेल्यावर निवडक भारांना बॅटरी व पॅनेल यांतून वीज देतो.

महाराष्ट्रात १ किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलांपासून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज मिळते. त्यासाठी सावलीमुक्त अशी सुमारे १० चौरस मीटर जागा लागते.

पाणी उपसण्यासाठी लागणारी ऊर्जा

पाणी उचलण्याची ऊर्जा पाण्याचे वजन आणि उंची यांच्या गुणाकाराने ठरते. १ लिटर पाणी १ मीटर उचलण्यास ९.८१ ज्यूल ऊर्जा लागते. १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. उंची मोजताना पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतचे अंतर धरून त्यात पाइप व वळणे यांतील घर्षणाची भर घालतात.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी प्रति माणशी प्रतिदिन १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. पाच माणसांच्या कुटुंबाला त्यानुसार ६७५ लिटर पाणी लागते. एकूण उंची १५ मीटर धरल्यास त्यासाठी सुमारे ०.०२८ युनिट ऊर्जा पुरते. लहान पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता २० टक्के धरली तरी प्रत्यक्ष वापर ०.१४ युनिटच्या आसपास राहतो. सुमारे ५५० वॉट वीज घेणारा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप हे काम पंधरा मिनिटांत करतो.

कूपनलिकेतून पाणी घेताना हिशेब बदलतो. एकूण ६० मीटर उंचीवर १,००० लिटर पाणी चढविण्यास ३० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ०.५५ युनिट लागते. बहुमजली इमारतीत १०० सदनिका, प्रत्येकी चार माणसे व ४० मीटर उंची धरल्यास रोज ५४,००० लिटर पाणी चढवावे लागते; ४५ टक्के कार्यक्षमतेने त्यास सुमारे १३ युनिट वीज लागते. म्हणजे केवळ पंपांची सरासरी दैनंदिन गरज ३ ते ३.५ किलोवॉटच्या सौर संचाने भागू शकते.

या आकडेमोडीतून एक गोष्ट स्पष्ट होते. घरगुती पंपाचा एकूण वीजवापर अल्प असतो. कठीण असतो तो त्याचा सुरुवातीचा धक्का. प्रेरण मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या चार ते सहा पट प्रवाह घेते. त्यामुळे ५५० वॉटच्या पंपालाही तेवढ्याच क्षमतेचा इन्व्हर्टर पुरत नाही. अल्पकाळ दुप्पट भार सोसणारा, किमान १.५ ते २ केव्हीए क्षमतेचा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन तरंगाचा असणेही आवश्यक आहे. चौकोनी तरंगावर मोटर गुरगुरते व तापते.

पंपांचे प्रकार

साठवण टाकीतून किंवा उथळ विहिरीतून पाणी घेण्यासाठी मोनोब्लॉक पंप वापरतात. जमिनीवर ठेवलेला पंप व्यवहारात ६ ते ७ मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही, कारण पाणी वर येण्यास वातावरणाचा दाबच कारणीभूत असतो. त्याहून खोल पाण्यासाठी पाण्यात बुडणारा सबमर्सिबल पंप लागतो. मोनोब्लॉक पंपांसाठी आयएस ९०७९, कूपनलिकेतील सबमर्सिबल पंपांसाठी आयएस ८०३४ आणि उघड्या विहिरीतील सबमर्सिबल पंपांसाठी आयएस १४२२० ही भारतीय मानके आहेत.

थेट सौर विजेवर चालणारे पंप वेगळ्या वर्गात येतात. त्यांचा नियंत्रक पॅनेलांतून मिळणारी कमाल शक्ती शोधून मोटरचा वेग उन्हाप्रमाणे कमी-जास्त करतो. सकाळी पंप हळू चालतो आणि दुपारी पूर्ण वेगाने पाणी देतो. वेग हळूहळू वाढत असल्याने सुरुवातीचा धक्काही टळतो. ब्रश नसलेल्या एकदिश मोटरींचे आणि व्हीएफडी नियंत्रकावर चालणाऱ्या प्रत्यावर्ती मोटरींचे असे दोन्ही पंप उपलब्ध आहेत. सौर पंप संचांसाठी आयएस १७०१८ हे मानक आहे.

नियंत्रण यंत्रणा

पंप नियंत्रणाचा गाभा दोन प्रश्नांत सामावलेला आहे. वरच्या टाकीत जागा आहे का, आणि खालच्या टाकीत पाणी आहे का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच पंप चालला पाहिजे.

सर्वांत साधी रचना दोन फ्लोट स्विचांची असते. एक वरच्या टाकीत आणि एक खालच्या टाकीत बसवून दोन्ही एकसरीत जोडतात. वरची टाकी भरली किंवा खालची रिकामी झाली की मंडल तुटते व पंप थांबतो. चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी यांत पुरेसे अंतर ठेवावे लागते. अन्यथा पाणी थोडे हलले तरी पंप वारंवार चालू-बंद होतो आणि मोटर व कपॅसिटर लवकर निकामी होतात. फ्लोट स्विचातून मोटरचा संपूर्ण प्रवाह नेण्याऐवजी त्याने कॉन्टॅक्टरची गुंडाळी चालवावी आणि मोटरचा प्रवाह कॉन्टॅक्टरने सांभाळावा, ही पद्धत अधिक टिकाऊ ठरते.

फ्लोटऐवजी पातळीचे इलेक्ट्रोडही वापरतात. पाण्याच्या विद्युतवाहकतेवर ते काम करतात. त्यांना एकदिश वीज दिल्यास विद्युत अपघटनामुळे धातू झिजतो, म्हणून कमी दाबाची प्रत्यावर्ती वीज देतात. अल्ट्रासॉनिक संवेदक पाण्याला स्पर्श न करता पृष्ठभागाचे अंतर मोजतात. मात्र झाकणाखाली साचणाऱ्या वाफेच्या थेंबांमुळे त्यांचे मापन बिघडू शकते.

कोरड्या चालण्यापासून संरक्षण हा नियंत्रणाचा दुसरा महत्त्वाचा भाग आहे. पंपातून पाणी जात नसेल तर त्याचे सील तापून जळतात. सबमर्सिबल मोटरला तर भोवतालच्या पाण्याचाच थंडावा असतो. पाणी संपल्यावर मोटरचा प्रवाह कमी होतो. ही घट ओळखून पंप थांबविणारा रिले कूपनलिकेसाठी विशेष उपयुक्त ठरतो, कारण तेथे खाली फ्लोट बसविणे अवघड असते. पंप थांबल्यावर झऱ्यांनी पाणी पुन्हा भरेपर्यंत ठरावीक वेळ थांबण्याची सोयही त्यात असते.

सौर संच असलेल्या घरात यात वेळेची अट जोडता येते. सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत टाकी थोडी उतरली तरी पंप चालवून ती काठोकाठ भरली जाते; इतर वेळी पाणी किमान पातळीखाली गेले तरच पंप चालतो. यासाठी वरच्या टाकीत दोन वेगवेगळ्या खालच्या पातळ्या आणि एक टायमर एवढेच पुरते. दिवसा भरलेली टाकी रात्रीची गरज भागविते आणि तेवढी बॅटरी कमी लागते. बॅटरीपेक्षा टाकी स्वस्त व दीर्घायुषी असल्याने साठवण क्षमता वाढविणे हाच अनेकदा किफायतशीर उपाय ठरतो.

ग्रामीण महाराष्ट्रात वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच प्रचलित आहेत. वीज आल्यावर एका रोहित्रावरील सर्व पंप एकदम सुरू झाल्यास रोहित्रावर अतिभार येऊन ते जळू शकते. म्हणून असे स्विच काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन महावितरण करीत असते. घरगुती नियंत्रकातही वीज परतल्यानंतर काही मिनिटांचा विलंब ठेवणे त्याच कारणासाठी इष्ट आहे.

वीजपुरवठा खंडित झाल्यावर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब व वाहिन्या मोठ्या प्रमाणावर कोसळल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. विजेवर चालणारा पाणीपुरवठाही त्यामुळे थांबला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा काही तास बंद पडला होता.

अशा वेळी ग्रिडशी जोडलेला साधा सौर संच भर उन्हातही वीज देत नाही. ग्रिडचा दाब नाहीसा होताच इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. हा दोष नसून सुरक्षेची अट आहे. घरातील वीज बंद वाहिनीत शिरली तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याचा जीव जाऊ शकतो. या गुणधर्माची चाचणी आयएस १६१६९ या मानकानुसार होते.

वीज नसतानाही पाणी हवे असल्यास तीन मार्ग उरतात. पहिला, संकरित इन्व्हर्टर बसवून पंप त्याच्या राखीव मंडलावर घेणे. दुसरा, पंपासाठी स्वतंत्र पॅनेल व सौर पंप नियंत्रक ठेवणे. यात बॅटरी लागत नाही. तिसरा, विहिरीवर रहाट किंवा कूपनलिकेवर हातपंप यांसारखी विजेविना चालणारी सोय राखणे. कोणत्याही मार्गात पर्यायी वीज आणि महावितरणची वीज एकत्र येणार नाही, यासाठी चेंजओव्हर स्विच अथवा परस्पर अटकाव असलेली जोडणी अनिवार्य आहे. इन्व्हर्टरची वीज घरातील प्लगमधून उलटी सोडणे प्राणघातक असते.

उभारणी

पॅनेल दक्षिणाभिमुख आणि अक्षांशाइतक्या, म्हणजे पनवेल परिसरात सुमारे १९ अंशांच्या कलतीने बसवितात. हिवाळ्यात, २२ डिसेंबरच्या सुमारास, मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७.५ अंशांवर असतो आणि सावल्या उत्तरेकडे पडतात. म्हणून पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा कठडा पॅनेलांच्या दक्षिणेला येणार नाही हे पाहावे लागते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा सावल्या आखूड असतात. एकसरीतील एका पॅनेलवर पडलेली सावलीसुद्धा संपूर्ण मालिकेचे उत्पादन घटवू शकते.

पॅनेलांचा सांगाडा वाऱ्याच्या जोराला टिकला पाहिजे. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिलेला आहे. किनारी हवेत गंज लवकर चढत असल्याने गरम जस्तलेपन केलेले पोलाद किंवा अॅल्युमिनियम वापरले जाते. गच्चीचा जलरोधक थर भेदून खिळे मारण्यापेक्षा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा बांधल्यास गळती टळते.

पॅनेलांसाठी आयएस १४२८६ व इन्व्हर्टरसाठी आयएस १६२२१ ही मानके आहेत. पंपाच्या वितरण पाइपवर चेक व्हॉल्व्ह आणि शोषण पाइपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह बसवितात. लांब अंतरावरील पंपासाठी जाड तार घ्यावी लागते. तारेत दाब घटला की मोटर अधिक प्रवाह ओढते व तापते.

सुरक्षितता

पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने पंपाच्या मंडलास ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेचा गळतीप्रवाह संरक्षक, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि अतिभार रिले असणे आवश्यक आहे. पंपाचे धातूचे आवरण आर्थिंगला जोडलेले असावे. टाकीत किंवा विहिरीत उतरण्यापूर्वी पंपाचा पुरवठा मुख्य स्विचपाशी बंद करावा लागतो. केवळ फ्लोट खाली आहे म्हणून पंप बंद आहे असे मानणे धोक्याचे आहे, कारण स्वयंचलित पंप कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो.

पॅनेलांच्या मालिकेत काहीशे व्होल्ट एकदिश दाब असू शकतो आणि ऊन असेपर्यंत तो बंद करता येत नाही. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नसल्याने त्यासाठी एकदिश विजेसाठीच बनविलेले स्विच वापरावे लागतात. वीजरोधक, एकदिश बाजू व प्रत्यावर्ती बाजू यांसाठी स्वतंत्र आर्थिंग करण्याची पद्धत आहे. जोडणीचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घेणे अपेक्षित असते.

हवामान व देखभाल

तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलची क्षमता सुमारे ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते. त्यामुळे मे महिन्यातील कडक उन्हात उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी असते. पॅनेलांखालून हवा खेळती राहिल्यास ही घट कमी होते. महामार्गालगत व बांधकामांच्या परिसरात पॅनेलांवर धूळ लवकर साचते. ती सकाळी, पॅनेल थंड असताना, मऊ फडक्याने व साध्या पाण्याने पुसतात.

पावसाळ्यापूर्वी सांगाड्याचे नट-बोल्ट, तारांचे जोड व आर्थिंग तपासणे, तर उन्हाळ्यापूर्वी कोरड्या चालण्याचे संरक्षण प्रत्यक्ष चालवून पाहणे ही किमान देखभाल होय. फ्लोटच्या तारेला गुंता किंवा शेवाळ असल्यास तो अडकून टाकी वाहू लागते. त्यामुळे वर्षातून दोनदा टाकी धुताना फ्लोट हाताने उचलून पंप थांबतो का हे पाहिले जाते.

शासकीय योजना व नियम

केंद्र सरकारची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. १ कोटी घरांचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेत पहिल्या २ किलोवॉटसाठी प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये अनुदान ठेवण्यात आले. गृहनिर्माण संस्थांच्या पंप, उद्वाहन व जिन्यातील दिवे यांसारख्या सामाईक सुविधांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. अनुदानासाठी भारतात बनविलेले सौर घट व पॅनेल वापरण्याची अट आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौर संचांच्या नेट मीटरिंगसाठी २०१५ मध्ये आणि त्यानंतर २०१९ मध्ये विनियम केले. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरील संचास तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज राहिली नाही.

शेतीसाठी केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ पासून असून राज्याने २०२४ मध्ये मागेल त्याला सौर कृषिपंप योजना आणली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असते. जमिनीच्या क्षेत्रानुसार ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. घरगुती पंप या योजनेत येत नाहीत.

मर्यादा

सौर पंपाला प्रत्येक उपशासाठी वीजखर्च नसल्याने पाण्याचा अतिउपसा होण्याचा धोका असतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. नियंत्रक विहीर कोरडी पडल्याचे ओळखू शकतो, परंतु विहिरीत पाणी आणू शकत नाही. म्हणून छतावरील पावसाचे पाणी साठविणे व कूपनलिकेचे पुनर्भरण करणे ही कामे अशा यंत्रणेला पूरक मानली जातात. पॅनेल बसविलेल्या छतावरून उतरणारे पाणीही पन्हाळीने गोळा करून गाळून त्यासाठी वापरता येते.

हे सुद्धा पहा

सौर ऊर्जा
महावितरण
महाऊर्जा
पर्जन्यजल संधारण
निसर्ग चक्रीवादळ
पनवेल तालुका